जुन्या गाडीचं पाणी जातं कुठे?

पसरणी घाट चढताना गाडी गरम झाली, की माणसं बॉनेट उघडतात, वाफ बघून दोन पावलं मागे सरकतात आणि वाईतल्या कुणाला तरी फोन लावतात. माझं गॅरेज घाटाच्या पायथ्याशी असल्यामुळे त्यातले बरेच फोन माझ्याकडे येतात. होज फुटला, पंखा बंद पडला, पट्टा तुटला, तर काम सोपं असतं. दोष डोळ्यांसमोर असतो. मला बोलायचंय ते दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांबद्दल. त्या घाटात थांबत नाहीत, त्यांच्याखाली ओल दिसत नाही, टेंपरेचरचा काटा जागच्या जागी असतो, आणि तरी दर आठवड्याला पेलाभर पाणी कमी होतं. मालक पाणी ओततो आणि चालवत राहतो. वर्ष जातं, दोन वर्षं जातात. मग एका उन्हाळ्यात इंजिन बसतं आणि सगळे म्हणतात, गाडीच जुनी झाली होती.

हे ऐकलं की मला वाईट वाटतं. त्यातली निम्मी इंजिनं तरी वाचली असती.

माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत मारुती 800 अजून भरपूर असतात. डिसेंबर 1983मध्ये ही गाडी रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यांत धाकटी 800सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची आहे. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, खालचा ब्लॉक बिडाचा, वरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. नीट सांभाळलं तर हे इंजिन फार चिवट आहे. पण गरम झालेलं त्याला सोसत नाही. अ‍ॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ठरलेल्या तापमानात ही ओढाताण गृहीत धरलेली असते. तापमान त्याच्या पलीकडे गेलं की हेड वाकतं, मधलं गॅस्केट उडतं, आणि मग लेथवर फेसिंग करून आणण्यापासून खर्चाची यादी सुरू होते.

गुरुजींची 800 अशाच अवस्थेच्या अलीकडे माझ्याकडे आली. गाडी 2004ची, मालक निवृत्त शिक्षक. एका गॅरेजमध्ये त्यांना सांगितलं होतं की हेड गॅस्केट गेलंय, हेड खोलावं लागेल. दुसऱ्या ठिकाणी नवा रेडिएटर बसवून दिला. रेडिएटरचे पैसे गेले, पाणी कमी व्हायचं ते होतंच राहिलं. तिसऱ्या कुणी सांगितलं, इंजिन संपलंय, गाडी विकून टाका. गुरुजी मला म्हणाले, "मिस्त्री, विकायची असती तर पहिल्याच दिवशी विकली असती. पाणी कुठं जातंय तेवढं मला सांगा." आणि त्यांनी एक वही पुढे केली.

त्या वहीइतकी चांगली मदत मला कुठल्याच मालकाने केलेली नाही. कोणत्या तारखेला किती पाणी घातलं, त्या आठवड्यात गाडी कुठे कुठे गेली, सगळं लिहिलेलं. ते वाचताना दोन गोष्टी लक्षात आल्या. गाडी घरी उभी होती त्या आठवड्यात पाणी जवळजवळ कमी झालं नव्हतं. आणि महाबळेश्वरला जाऊन आलेल्या आठवड्यात जेवढं गेलं, तेवढंच सपाट रस्त्याने साताऱ्याला ये-जा केलेल्या आठवड्यातही गेलं होतं. पहिल्या गोष्टीचा अर्थ, गळती दाबाखाली होते. दुसरीचा अर्थ, हेड गॅस्केटवर संशय घेण्याची घाई नको. गॅस्केटमधून कॉम्प्रेशन पाण्यात येत असेल, तर इंजिनावर ताण पडला की त्रास वाढतो, आणि पसरणीच्या चढाएवढा ताण या भागात दुसरा कुठला?

दाबाचं हे काय प्रकरण आहे ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. पंप पाणी फिरवतो, ते ब्लॉक आणि हेडमधून उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये येऊन गार होतं आणि परत जातं. मध्ये थर्मोस्टॅट असतो. त्याच्या पोटात मेण भरलेलं असतं. 80-82 अंशांच्या सुमारास ते वितळून फुगतं आणि रेडिएटरकडची वाट उघडते. इंजिन याच्या थोडं वर, 90 अंशांच्या आसपास चालतं. आता पाचगणीला, समुद्रसपाटीपासून सुमारे 1300 मीटरवर, उघड्या भांड्यातलं पाणी 96 अंशांच्या आतच उकळतं. म्हणजे साध्या पाण्याला उकळायला पाच-सहा अंशांचंच अंतर उरलं. ते वाढवायचं काम रेडिएटरचं झाकण करतं. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं ते आतला दाब धरून ठेवतं. बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांच्या झाकणावर 0.9 असा आकडा असतो. हवेच्या दाबापेक्षा तेवढा जादा दाब, म्हणजे सुमारे 13 पौंड. टायरमध्ये आपण जेवढी हवा भरतो त्याच्या निम्मी धरा. एवढ्या दाबावर पाण्याचा उत्कलनबिंदू वीसएक अंशांनी वर जातो.

म्हणून गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. दाब सुटला की आतलं पाणी त्या क्षणी उकळून अंगावर येतं. चेहरा आणि हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. घाई असेल तरी इंजिन हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं, वर जाड फडकं ठेवायचं आणि तोंड बाजूला घेऊन हळू फिरवायचं.

झाकण हा मला फार महत्त्वाचा भाग वाटतो, आणि सगळ्यांत दुर्लक्षितही. त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. पाणी तापून फुगलं की एकातून ते बाजूच्या बाटलीत जातं, आणि इंजिन गार झालं की दुसऱ्यातून परत आत ओढलं जातं. रबर कडक झालं, स्प्रिंग मऊ पडली, तर पाणी कमी दाबावरच बाटलीत जातं आणि बाटली भरून वाहतं. परतीचा व्हॉल्व्ह अडकला, तर त्याहून फसवा प्रकार होतो: बाटली काठोकाठ आणि रेडिएटर रिकामा. बाटली पाहून पाणी ठीक आहे असं समजणारे पुष्कळ आहेत. पाणी बघायचं ते सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरचं झाकण उघडून.

काट्याबद्दलही इथेच सांगतो. ज्या सेन्सरवर तो काटा चालतो, तो पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी त्याच्या खाली गेलं की त्याला फक्त हवा आणि वाफ लागते. हेड तापत असतं आणि काटा मधोमध, कधी तर खाली. "काटा वर गेलाच नव्हता हो," असं बसलेल्या इंजिनाचा मालक सांगतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. मंद गळतीची हीच भीती आहे. ज्या दिवशी पाणी ओतायचं राहतं, त्या दिवशी धोका सांगणारं काहीच शिल्लक नसतं.

आता शोध. एक साधा हिशेब आधी करू. एका मिलिलिटरात पाण्याचे साधारण वीस थेंब. आठवड्याला 100 मिलि पाणी जात असेल, तर ते दोन हजार थेंब झाले. दिवसरात्र मिळून पाच मिनिटांना एक. तापलेल्या लोखंडावर पडलेला थेंब काही सेकंदांत उडून जातो. मग गाडीखाली ओल दिसणार कशी? म्हणून मंद गळती शोधताना ओल शोधायची नसते. वाळलेला माग शोधायचा. पाणी उडतं, पण त्यातले क्षार, गंज आणि कूलंटचा रंग मागे राहतो. जोडाच्या कडेला पांढरी, हिरवट किंवा तांबूस खपली दिसली, की तिथून कधीतरी पाणी आलेलं आहे.

माझे वस्ताद एक नियम कडक पाळायचे: गळती शोधण्याआधी इंजिन धुऊ द्यायचं नाही. मालकाला वाटतं, स्वच्छ गाडी मिस्त्रीला बरी पडेल. धुतल्याने सगळा माग जातो. आधी मळक्या इंजिनाकडे बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन बघायचं, सगळ्या खपल्या लक्षात ठेवायच्या, मग धुवायचं, वाळवायचं आणि पुन्हा बघायचं.

गुरुजींच्या गाडीत झाकण खराब निघालंच. बदललं, पण त्याने माझं समाधान झालं नाही, कारण बाटलीतून पाणी वाहिल्याच्या खुणा नव्हत्या. वॉटर पंप पाहिला. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरू नये, बाहेर पडावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं आहे. तिथून पाणी येताना दिसलं की काही जण एम-सील लावून ते भोकच बुजवतात. मग पाणी बेअरिंगमध्ये जातं, पंप जाम होतो आणि पट्टा तुटतो. गुरुजींचा पंप कोरडा होता. होजच्या क्लिपा तपासल्या. क्लिपांची एक गंमत आहे: काही जोड फक्त गारठ्यात गळतात. डिसेंबरच्या पहाटे रबर आकसून कडक होतं, थेंब येतो. इंजिन तापलं की जोड फुगून घट्ट बसतो. त्या दुपारी तुम्ही गॅरेजला गाडी नेली तर काहीच सापडत नाही. इथे तसंही नव्हतं. रेडिएटर नवाच होता, कड्या दाबून बसवलेली प्लास्टिकची टाकी, तिचा जोड कोरडा. पूर्वीच्या तांबे-पितळेच्या रेडिएटरला डाख देऊन वर्षानुवर्षं चालवता यायचं. या प्लास्टिकला तसं करता येत नाही, ते एकदा चिरलं की बदलायचं.

हेड गॅस्केटचा संशयही नुसता बोलून सोडून देण्यासारखा नसतो. तो पुसून काढावा लागतो. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज सकाळी दाबून पाहिला, मऊ होता. गार इंजिनाचं झाकण काढून ते सुरू केलं, रेडिएटरच्या तोंडाशी एकसारखे बुडबुडे आले नाहीत. ऑइल पांढुरकं, फेसाळ झालेलं नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरी वाफ नव्हती. थंडीत सुरुवातीला थोडी वाफ प्रत्येक गाडीतून येते, ती सोडून. शेवटी निळं रसायन भरलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढली. सिलिंडरमधला धूर पाण्यात येत असेल, तर कार्बन डायऑक्साइडने ते रसायन पिवळं पडतं. निळं ते निळंच राहिलं. हेड खोलण्याचं कारण उरलं नाही.

मग प्रेशर टेस्टर लावला. हा एक हातपंप आहे, त्याला घड्याळ जोडलेलं. रेडिएटरच्या तोंडाला झाकणाऐवजी तो बसवायचा आणि गार इंजिनात 13 पौंड दाब भरायचा. झाकणावर असेल तेवढाच, जास्त नाही, नाहीतर चांगला भाग फुटतो. गाडी चालू असताना आत जो दाब असतो तोच आता उभ्या, गार गाडीत आहे. फरक एवढाच की लोखंड तापलेलं नाही, त्यामुळे बाहेर आलेला थेंब उडून जात नाही. दाब टिकला तर बाहेर गळती नाही. टिकला नाही तर कुठेतरी आहे. काही हजार रुपयांचं हे साधन आहे आणि तरी आमच्या धंद्यात पुष्कळांकडे नसतं, याची मला खंत वाटते.

घड्याळाचा काटा उतरत होता, पण इतका हळू की बघता बघता कळू नये. बॅटरीने सगळीकडे पाहिलं, काही नाही. अशा वेळी इंजिन खोलायचा मोह होतो. तो आवरायचा. खाली कोरा पुठ्ठा अंथरला, संध्याकाळी पुन्हा दाब भरला आणि गाडी तशीच सोडली. सकाळी पुठ्ठ्यावर तांबूस कडेचा एक डाग होता. त्याच्या नेमकं वर आरसा धरला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आडोशाला, ब्लॉकच्या बाजूला एक थेंब लोंबत होता. डमी गळत होती.

डमी म्हणजे ब्लॉकच्या बाजूला बसवलेली पत्र्याची वाटोळी टोपी. ब्लॉक ओतताना आत वाळूचे साचे असतात. ओतकाम झाल्यावर ती वाळू काढायला भोकं लागतात, आणि ती भोकं नंतर या टोप्यांनी बंद करतात. एवढ्या जाड बिडाच्या ब्लॉकमध्ये सगळ्यांत पातळ पत्रा तिथे असतो. आतून गंज लागला की आधी तीच जाते. गुरुजींच्या गाडीत ती मॅनिफोल्डच्या मागे असल्याने गाडी चालू असताना आलेलं पाणी तिथल्या तिथे वाळत होतं. मागच्या मिस्त्रींनी वरून पाहिलं असेल तर त्यांना काही दिसणं शक्य नव्हतं.

मॅनिफोल्ड उतरवला, डमीची एक कड आत ठोकली म्हणजे ती आडवी फिरते, पकडीने ओढून काढली. हातात आली तेव्हा तिच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं आणि आतली बाजू गंजाने खरखरीत झालेली. बसायची जागा घासून साफ केली, सीलंट लावलं आणि त्या मापाचा सॉकेट धरून नवी पितळी डमी ठोकून बसवली. पितळ गंजत नाही. शंभर रुपयांच्या आतला भाग. बाजूची दुसरी डमीही बदलली, कारण तिनेही तेवढीच वर्षं तेच पाणी प्यायलं होतं.

त्या पाण्याबद्दल बोलायलाच हवं. गाडीतून जे निघालं ते तांबडं, गढूळ होतं. गुरुजींनी इतकी वर्षं घरच्या बोअरचं पाणी घातलं होतं. त्यांनी विचारलं, "आपल्याकडे कुठं बर्फ पडतो? मग कूलंट कशाला?" प्रश्न बरोबर आहे, आणि तो मला रोज कुणीतरी विचारतं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल थंड मुलखात पाणी गोठू देत नाही हे खरं. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असेल तर ते उणे 37 अंशांच्या आसपास गोठतं. आपल्याला त्याचा उपयोग नाही. पण त्याच मिश्रणामुळे पाणी उशिरा उकळतं, आणि त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात, ती आपल्याला हवीच. बिड, अ‍ॅल्युमिनियम, पितळ, पत्रा एकाच पाण्यात बुडालेले असतात. गंजरोधक नसेल तर ते एकमेकांना कुरतडतात. बोअरच्या पाण्यातले क्षार वर थर धरतात ते निराळंच. घालायचं ते तयार मिश्रण, किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवलेलं कूलंट. ही द्रव्यं वापरून संपतात, म्हणून जुन्या हिरव्या प्रकारचं दोन वर्षांनी बदलायचं, हल्लीचं जास्त टिकणारं डब्यावर लिहिलं असेल तेव्हा. रंगावर विश्वास ठेवू नका. हिरवा, लाल, निळा हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने देते, आणि दोन वेगळ्या जातींची कूलंटं एकत्र केली तर ती बिघडू शकतात, कधी चिकट गाळ धरतात.

आणखी एक, हे जिवाचं आहे. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. गाडीखालचा थेंब पाणी आहे की कूलंट, हे चाखून बघणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. कुत्री-मांजरं सांडलेलं चाटतात आणि त्यांची किडनी निकामी होते. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, उरलेला डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. शीतपेयाच्या बाटलीत तर कधीच भरू नका. एसी लावलेल्या गाडीखाली ठिबकतं ते मात्र साधं पाणी असतं, त्याला घाबरायचं कारण नाही. गाडीच्या आत, पुढच्या सीटच्या पायाशी चटई ओली होत असेल, काचेवर आतून तेलकट धुरकट थर धरत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय असं समजा.

घाटातले जुने ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकतात. त्याने गळती थांबते हे खरं आहे; कण फुगून भोकात अडकतात. बाजारातली गळती बुजवायची पावडर आणि द्रव यांतले बरेच याच तत्त्वावर चालतात. रात्री घाटात गाडी अडकली असेल, बरोबर लेकरं असतील, तर हळद टाका आणि घरी या. मी टाकीन. पण ती हळद भोक ओळखत नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटरमध्येही ती तशीच बसते. घरी आल्यावर सगळं धुऊन काढायचं आणि खरी गळती शोधायची.

गुरुजींच्या गाडीत नवं कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवून, हीटर चालू करून पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवलं, म्हणजे आत अडकलेली हवा निघाली. पुन्हा दाब लावला, काटा हलला नाही. वही त्यांनी पुढेही चालू ठेवली आहे. पाणी घातल्याची नोंद त्यात नाही.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर उद्या सकाळी ती सुरू करण्याआधी झाकण उघडून पाणी पाहा, आणि आठवड्याने पुन्हा पाहा. कमी झालेलं दिसलं तर किती आणि कधी ते लिहून ठेवा, आणि इंजिन न धुता गाडी मिस्त्रीकडे न्या. त्याला आधी प्रेशर लावायला सांगा. घड्याळाचा काटा तुमच्या डोळ्यांसमोर उतरल्याशिवाय आणि थेंब कुठून येतोय हे तुम्हाला दाखवल्याशिवाय कुणालाही रेडिएटर बदलायला किंवा हेड खोलायला होकार देऊ नका.